छतावरची द्राक्षं

ग्रंथालयात मी जुन्या युरोपीय छापचित्रांचा एक संच चाळत होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, बरोक शैलीतल्या छतांचे ते नमुने होते. वळणदार पानं, शिंपले, फळांचे घोस, आणि सगळीकडे नुसती दाटी. एका चित्रापाशी मी थबकले. असंच छत बाबांनी आमच्या गावातल्या थिएटरात प्लास्टरमध्ये घडवलं होतं, असं ते सांगायचे. ते दाखवायला त्यांनी मला मुद्दाम पहिल्या खेळाला नेलं आणि मी सगळा वेळ पडद्याकडेच बघत बसले. छताची कला मोठी बिचारी. कुणी मान वर केली नाही तर ती नसल्यासारखीच. पुढे ते थिएटर पाडलं. छताचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही.

संध्याकाळी मी बाबांना ते चित्र मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ते अगदी डोळ्यांजवळ धरलं.

"मधल्या फुलाभोवती मी काय केलं होतं गं? आता आठवतच नाही. तू तर पाहिलं होतंस."

"द्राक्षांचा वेल होता, बाबा," मी म्हणाले.

"द्राक्षंच असणार," ते समाधानानं हसले. "फार वेळ लागला होता त्यांना."

त्यांची बोटं हवेत एकेक द्राक्ष वळू लागली, आणि मला तिकडे बघवेना.