दूध पुढं जात नव्हतं

लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्या अजून भाड्याच्या इमारतींत होत्या आणि आमचे हे पाणीटंचाईच्या कामाला होते. कोणत्या गावाला टँकर जायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, याच्या याद्या करायच्या आणि दिवसभर जीपमधून फिरायचं. त्याच उन्हाळ्यात माझा पहिला मुलगा झाला. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सगळं हौसेनं केलं. पाण्याची एवढी मारामार, तरी बाळाची आंघोळ एक दिवस चुकू दिली नाही.

तीन आठवडे बाळ छान होतं. मग ओकायला लागलं. तान्ही बाळं थोडं दूध टाकतात, ते मला माहीत होतं. हे तसं नव्हतं. पाजून जरा वेळ झाला की पिचकारी उडावी तसं दूध बाहेर यायचं, पार समोरच्या भिंतीपर्यंत. आणि ओकून झालं की लगेच पुन्हा भुकेनं रडायचं, मुठी चोखायचं. आजारी मूल असं खायला मागत नाही, एवढं मलाही कळत होतं.

मी त्याचं झबलं वर करून बघत बसायचे. पाजल्यावर डाव्या बरगडीखालून लिंबाएवढा फुगवटा यायचा, सावकाश उजवीकडं सरकायचा आणि विरून जायचा. मग दुसरा यायचा. मी आत्याबाईंना बोलावून दाखवला.

"वायू हाय तो," त्या म्हणाल्या. "तुझं दूध जड हाय. पचंना झालंय लेकराला."

आधी माझी डाळ बंद झाली, मग वांगं, मग तिखट. बाळाला बडीशेपेचं पाणी, ओव्याचा शेक. तरी ओकणं थांबेना. शेवटी त्या म्हणाल्या, "आता अंगावरचं तोडू या. साखरपाण्यावर ठेवू चार दिवस." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना रडू येत होतं. मी ऐकलं. छाती भरून दगडासारखी व्हायची, पोलकं ओलं व्हायचं, आणि मी मोरीत बसून दूध पिळून टाकायचे. बाहेर बाया टँकरच्या नळीखाली घागरीसाठी भांडत असायच्या.

दवाखान्यात नेलं तेव्हा पडवीतसुद्धा पोरं झोपवलेली होती. टँकरच्या पाण्यानं गावंच्या गावं आजारी पडली होती. डॉक्टर भला माणूस, पण त्यांचे डोळे झोपेविना लाल झाले होते. त्यांनी बाळाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "पाणी कमी झालंय. सलाईन लावू."

मी म्हणाले, "डॉक्टर, याला जुलाब नाहीत. चार दिवसांत शीसुद्धा धड झाली नाही. आणि पोटावर गोळा सरकतो."

"होईल बरं, बाई," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडं वळले.

दोन दिवसांनी दुपारी तो गेला. हे देवणीकडं टँकरच्या फेऱ्या तपासायला गेले होते, निरोप पोचून यायला संध्याकाळ झाली. तो सहा आठवड्यांचाही झाला नव्हता. आमच्यात पुरतात. हे हातांवर घेऊन गेले. मी घरात होते, आणि त्याही दिवशी मला पान्हा फुटत होता.

पुढं कुणी मला बोल लावला नाही. नुसतं म्हणायचे, "हिचं दूध बाधलं." शेजारीण म्हणायची, जवळच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, कीव करूनच म्हणायच्या. मीही तेच मानायला लागले. माझ्या अंगातलं काहीतरी त्याला बाधलं.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. तेव्हा मी हट्ट धरला की बाळंतपण लातूरला नको. नांदेडला माझी थोरली बहीण होती, तिच्याकडं गेले. पुन्हा मुलगाच झाला. मी दिवस मोजत होते. बाविसाव्या दिवशी त्याची पहिली उलटी समोरच्या कपाटावर उडाली. मी ताईला काही सांगितलं नाही, आधी त्याचं झबलं वर केलं. फुगवटा सरकत होता.

मग ताईला दाखवला, तिनं आम्हाला तसंच रिक्षात घातलं. मुलांच्या डॉक्टरांनी बराच वेळ पोट चाचपलं आणि चिठ्ठी लिहून दिली, "सोनोग्राफी करून या." तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ते मशीन नांदेडात नुकतंच आलं होतं. चपला बाहेर काढायच्या, खोलीत अंधार आणि गारवा. सोनोग्राफीचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी बाळाच्या पोटावर चिकट औषध लावलं आणि साबणाच्या वडीएवढं यंत्र त्यावर अलगद फिरवायला लागले. पडद्यावर नुसती करडी-काळी वाळू हलत होती.

"बाई, याला उजव्या कुशीवर धरा. आणि चमच्यानं जरा साखरपाणी द्या."

साखरपाणी म्हटल्यावर मी चमच्याला हात लावला नाही. ताईनं चमचा घेतला.

"आता इकडं बघा," ते म्हणाले. "हे काळं दिसतं ते पोटातलं पाणी. पोट किती जोर करतंय बघा. आणि ही खालची वाट, इथून पाणी आतड्यात जायला पाहिजे. जात नाही. इथला स्नायू वाढून जाड झालाय, वाट बंद झालीय." त्यांनी त्या जाडीच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या, माप घेतलं. "ऑपरेशन करावं लागेल. लहानसंच असतं. मूल चांगलं होतं."

मी विचारलं, "माझं दूध जड आहे म्हणून झालं का?"

"दुधाचा काय संबंध? दूध उत्तम आहे. ते पुढं जात नाही, एवढंच."

मग मी पहिल्याचं सांगितलं. पिचकारी, भूक, सरकणारा गोळा, सगळं. त्यांचा हात थांबला.

"तेव्हा हे मशीन असतं तर तो वाचला असता का?" मी विचारलं.

त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "वाचला असता, बाई. आणि मशीन नसतं तरी त्या जाड स्नायूची गाठ बहुतेक वेळा हाताला लागते. शांतपणे हात ठेवायला वेळ मिळाला पाहिजे. तुम्ही बघितलं होतं ते बरोबर होतं."

पडद्यावर माझं जिवंत मूल होतं आणि मी पहिल्यासाठी मोठ्यानं रडत होते. चार वर्षांत पहिल्यांदाच.

दोन दिवस सलाईन दिलं, मग ऑपरेशन झालं. त्याच संध्याकाळी नर्सनं सांगितलं तसं थोडं थोडं पाजलं. तो प्याला आणि झोपला. मी तासभर वाट बघत बसले. ओकला नाही.

लातूरला परत आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं, डॉक्टर म्हणाले तसं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे दुधाचं काई न्हवतं?"

"नव्हतं."

"आन् मी तोडलं."

अंगावरचं पाजत राहिले असते तरी तो वाचला नसता, वाट बंदच होती, हे मला माहीत होतं. निदान तेवढं सांगायला हवं होतं. पण मोरीत वाहून गेलेलं ते दूध डोळ्यांपुढं आलं आणि तोंड उघडलं नाही. त्या उठून मागच्या अंगणात जाऊन बसल्या.

नातवावर त्यांचा फार जीव होता, पण मी पाजायला बसले की त्या खोलीतून निघून जायच्या. मुलगा वाढला, शाळेत गेला, त्याच्या पोटावरचा व्रण बोटभर लांब झाला. आत्याबाई आणखी अकरा वर्षं होत्या. आम्ही दोघींनी त्या घरात रोज एकत्र स्वयंपाक केला, सण केले, एकमेकींची दुखणी काढली. तुमची चूक नव्हती, हे तीन शब्द मी त्यांना कधीच म्हणाले नाही.