त्याच्या रक्तात सापडत नाही

त्या वर्षी मला माझ्या नवऱ्याच्या रक्ताचा हेवा वाटत होता. एचआयव्हीच्या गोळ्या आम्ही दोघांनी एकाच दिवशी सुरू केल्या होत्या. पण त्याच्या तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि माझ्या तपासणीत तो पुन्हा पुन्हा सापडत राहिला. आजार आमच्या घरात कुणाच्या पावलांनी आला, हे मी कधी विचारले नव्हते. निदान जाताना तरी आजाराने माझ्या रक्तातून आधी निघावे, एवढे मला न्याय्य वाटे.

अहेरीच्या लाकूड डेपोतून नवरा परते तेव्हा त्याच्या अंगाला सागाच्या ओल्या भुशाचा वास असे. गालांवर पुन्हा मांस चढले होते. गोळीविषयी त्याने एक ओळ वाचली नव्हती. मासोळीचा रस्सा भातावर ओतून तो पोटभर जेवे, गोळी गिळे आणि घोरू लागे. मी मात्र शाळेतून आले की मोबाइलमध्ये शोधत बसे. एक जण म्हणे, गुळवेलीने रक्त धुऊन निघते. दुसरा म्हणे, गोळ्या हेच विष. दोघांचेही आवाज मधाळ होते.

"काऊन येवढं वाचून राह्यली?" नवरा म्हणे. "त्या इषाणूले मास्तरीन भेटली, थो कायले जाते आता?"

तो हसे. मला मूल हवे होते. दोघांच्याही रक्तात विषाणू सापडेनासा झाला की त्याविषयी बोलू, असे गडचिरोलीच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी सांगितले होते. दार माझ्या देहापाशी अडले होते, आणि हा सुखाने घोरत होता.

पुढच्या खेपेला आम्ही दोघे गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी मला विचारले, "गोळी कधी घेता?"

"पहाटे, उपाशीपोटी. कधीच चुकवली नाही."

"सोबत आणखी काही?"

"रक्तवाढीची लाल गोळी." गंजक्या खिळ्यासारखी तिची चव जिभेवर रेंगाळे, म्हणून दोन्ही मी एकाच घोटात उरकत असे.

"उपाशीपोटी लोह एचआयव्हीच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरती जाऊ देत नाही. दोन्ही जेवणासोबत घ्या. हेच कारण असेल, असं आज नाही म्हणत, पुन्हा तपासू."

मोबाइलने मला पुष्कळ सांगितले होते. मी काय घेते, हे मात्र विचारले नव्हते.

"मी तं पयलेपासून जेवनावरच घेतो, पान खाल्ल्यावानी," नवरा म्हणाला. डॉक्टरबाई हसल्या. तेही हसू त्यालाच मिळाले.

मग मीही त्याच्यासोबत, त्याच रश्श्याच्या भातावर गोळ्या घेऊ लागले. मोहफुलांचा गोड, आंबूस वास गावातून ओसरला तेव्हा नवा अहवाल आला.

"तुमच्याही रक्तात आता सापडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे तो संपला, असं नाही. गोळी सोडायची नाही."

मी श्वास घेतला. इतके दिवस जिभेखाली जपलेला प्रश्न ओठांवर आणला, आणि शेजारून नवराच बोलून गेला, "मंग म्याडम, आता लेकराचं कसं?"

डॉक्टरबाई त्याच्याकडे वळून सांगू लागल्या. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बाई, उत्तर मला सांगा."