सारजाआत्या कॉलेज बघायला निघते

सणसरात कुणाच्या घरी लग्नाचं पोर असलं, की सारजाआत्याला चहाला बोलावणं येतं. नुसत्या चहाला हां! साखर जरा जास्त, सोबत बशीभर फरसाण, आणि कप अर्धा झाला की हळूच, "आक्का, आमच्या पोराचं तेवढं बघा की." आत्या बघते. आयुष्यभर तेच बघत आलीय. इंदापूरपासून बारामतीपर्यंत कुठल्या घरात सासू तापट आणि कुठल्या घरात दीर आळशी, हे तिला तोंडपाठ. पैसे घेत नाही. एक साडी आणि मांडवात पुढची खुर्ची मिळाली, की बाई खूश.

तिचा तोरा मात्र एकच. तिने नेलेल्या स्थळाला कधी नकार आला नाही. कधीच! कसा येणार? जिथे "बघू, कळवतो" असा नुसता वास आला, तिथे ती पाऊलच टाकत नसे. "होकार पदरात असल्याबिगर पोहं भिजवायचं न्हाय," हे तिचं वाक्य गावाला पाठ झालेलं.

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. ती स्वतः लग्नाची असताना कऱ्हाटीचे पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा प्याले, "कळवतो" म्हणाले आणि दूधवाल्याच्या तोंडी निरोप धाडला, पोरगी काळी आहे म्हणून. तो मेला दूधवाला! सायकलवरून उतरलासुद्धा नाही, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा निरोप ओरडला. पुढे तिला गावातल्या गावात चांगलं घर मिळालं, नवराही देवमाणूस मिळाला, पण ती सकाळ तिच्या मनातून गेली नाही.

आता तिच्या धाकट्या भावाची, जोतीरामची पोरगी प्रतिक्षा. मोठी गुणाची. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बिघडला, की ही टेस्टर घेऊन त्याच्या पोटात डोकं घालून बसणार. हिला सीईटीत ब्याण्णव पर्सेंटाइल पडले आणि घरात दिवाळी झाली. तिला इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर व्हायचं होतं. जोतीरामला जेवढा आनंद झाला, तेवढाच घामही फुटला. कॉलेजं ढीगभर, त्यातली फॉर्मात भरायची कुठली? तो तडक बहिणीकडे आला.

"आक्का, कॉलेजं बघायची हायत."

"मग बघू की! स्थळ काय न् कॉलेज काय, पोरीला चार वर्सं नांदायचंच हाय तितं."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या इरकल नेसून, पिशवीत चटणी-भाकरी बांधून एसटी स्टँडवर हजर. आधी बारामती, मग पुणे. कॉलेज बघायची तिची रीत साफ स्थळ बघायची. ऑफिसात नंतर, आधी वॉचमनशेजारी बूड टेकायचं. "घरची खरी गोष्ट दारातला माणूस सांगतो," असं तिचं म्हणणं. मग पिण्याचं पाणी मागायचं. मग पोरींचं संडास-बाथरूम बघून यायचं. मग वरच्या वर्गातल्या दोघीतिघींना गाठून भाकरी पुढं करायची आणि विचारायचं, "मास्तर शिकवत्यात का नुसती हजेरी घेत्यात? गेल्या साली किती जणींला नोकरी लागली?" भाकरी खाल्लेली पोरगी खोटं कशाला बोलेल?

पहिल्या कॉलेजात प्रतिक्षाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिसऱ्या कॉलेजात तीच पुढे होऊन म्हणाली, "सर, लॅब उघडून दाखवता का?"

एका ठिकाणी तर काय थाट! काचेची इमारत, दारात कारंजं, भिंतीवर हसऱ्या पोरांचे हे एवढाले फोटो. लॅबला मात्र कुलूप आणि किल्ली म्हणे रजेवर गेलेल्या सरांकडे. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "भांडी कपाटात न् पाव्हणं उपाशी. खोड ह्याचं नाव." प्रतिक्षाने हसत हसत खोडलं. अशी नावं गळत गळत बारा उरली.

फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी जोतीरामच्या ओसरीवर बैठक बसली. प्रतिक्षाने मोबाईलवर गेल्या वर्षीचे कटऑफ काढले, म्हणजे कुठल्या कॉलेजची शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली ते. आत्याने त्यावरून तीन वाटण्या केल्या. ब्याण्णवच्या वर गेलेली ती वरची. ब्याण्णवच्या आसपासची ती बरोबरीची. आणि जिथे डोळे मिटून मिळेल ती हातची. काम इतकं झ्याक झालं, की जोतीरामने तिथल्या तिथे भज्यांची फर्माईश सोडली.

मग आत्याने क्रम लावला. पहिलं नाव बारामतीच्या कॉलेजचं. हातचं!

"आत्या, हे खाली हवं," प्रतिक्षा म्हणाली.

"का? कॉलेज झाक हाय, पाणी चांगलं हाय. होकार पक्का हाय. पयला मान होकाराला."

"आन् घरनं येऊन-जाऊन व्हईल," जोतीरामने री ओढली.

पोरीचा चेहरा उतरला. पण ती गप्प बसणारी नव्हती. ती आत्याजवळ सरकली.

"आत्या, ऐक. कॉम्प्युटर ही यादी वरून खाली वाचत येतो. जिथं पहिल्यांदा जागा मिळते, तिथंच थांबतो. खालची नावं तो बघतसुद्धा न्हाय. बारामती वर टाकलं, तर पुण्याच्या कॉलेजांना माझ्यासाठी विचारलंच जाणार न्हाय. आणि पहिलंच नाव मिळालं, की जागा पक्की. पुढच्या फेरीत बदलता येत न्हाय."

"आन् वरच्यांनी न्हाय म्हटलं तर?"

"म्हणू दे. तो खालच्या नावावर येईल."

"म्हणू दे?" आत्या कडाडली. "नकार म्हंजी काय असतो, तुला म्हाईत न्हाय पोरी! लोक त्वांडावर बोलत्यात!"

"कोण लोक?" प्रतिक्षाने तिचा हात धरला. "कॉम्प्युटरकडं दूधवाला नसतो, आत्या."

भजी घेऊन आलेली वहिनी, म्हणजे प्रतिक्षाची आई, दारातच थांबली. जोतीराम उगाच चपलेकडे बघत बसला. आत्याने पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले.

"लय भ्याले गं मी," ती म्हणाली. "नकार नको म्हणून चांगल्या चांगल्या पोरी हातच्याच घरात दिल्या. वरचं दार कंदी वाजवलंच न्हाय. कुणी सांगावं, एखादीला हां म्हटलं बी असतं." मग नाक ओढून तिने हुकूम सोडला, "टाक! वरची वर टाक. पर हातची खाली ऱ्हाऊ दे हां. पोर उघड्यावर पडाय नको."

वरची पाच वर, बरोबरीची चार मधे, हातची तीन तळाला. फॉर्म गेला. मग काय, आत्याच्या जिवाला चैन कुठली! रोज दोनदा येऊन विचारायची, "आला का निरोप?"

निरोप आला त्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मोबाईलवर निकालाचं पान उघडेना. जोतीराम म्हणाला रेंज न्हाय, वहिनी म्हणाली देवाचं नाव घ्या, आणि तेवढ्यात प्रतिक्षा अशी किंचाळली, की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली.

"पुणे! इलेक्ट्रॉनिक्स! सहावं नाव, आत्या, सहावं!"

बरोबरीच्या वाटणीतलं पहिलंच! तिथल्या पोरींनी आत्याची चटणी चाटूनपुसून खाल्ली होती. जोतीराम रडायला लागला. आत्या मात्र बोटं मोजत होती.

"म्हंजी वरच्या पाचांनी न्हाय म्हटलं?"

"व्हय."

"आन् बारामती वर असतं तर?"

"तर तिथंच थांबलं असतं. आणि आत्या, अजून फेऱ्या हायत. ही जागा हातात ठेवून वरच्या पाचांना परत विचारता येतं."

"परत?" आत्याचे डोळे चमकले. "आगं मग विचार की!"

ती उठली, पदर खोचला आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट दूध डेअरीवर गेली. कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एकेकाच्या हातावर पेढा ठेवत निघाली. रांगेत आबाजी होता, गावातला दुसरा लग्न जमवणारा, तिचा जुना वैरी. त्याने पेढा घेतला आणि खोचकपणे विचारलं, "काय सारजाबाई, ऐकतोय त्ये खरं का? तुमच्या घरात म्हणं नकार आला?"

सारी रांग कान टवकारून उभी राहिली.

"एक न्हाय, आबाजीराव, पाच!" आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, पार मागच्या कॅनवाल्याला ऐकू जाईल अशी. "पाच नकार आल्यात आमच्या पोरीला! घ्या, आजून एक पेढा घ्या."