अर्जदार एक, अर्जदार दोन

कचेरीत आमची टेबलं शेजारी-शेजारी. त्यांचं विवाहनोंदणीचं, माझं मृत्युनोंदणीचं. माझ्याकडे आलेली माणसं मागाहून तक्रार घेऊन येत नाहीत, हे मी त्यांना रोज ऐकवायचो. ते हसायचे नाहीत. फॉर्म उजेडात धरून सगळे रकाने भरलेत का ते बघत बसायचे. म्हणून आम्ही त्यांचं नाव ठेवलं रकानेराव.

चहाला उठताना पेनाला टोपण लावायचं आणि दारातून परत येऊन ते लागलंय का बघायचं, असा हा माणूस. त्यानं जन्मात एकदाच नियम मोडला, आणि बावीस वर्षं वरच्या कोणाला पत्ता लागला नाही.

झालं होतं असं. जुन्या फॉर्मवर ‘वर’ आणि ‘वधू’ असे दोन रकाने होते. लग्नाच्या दिवशी माणूस ठिकाणावर नसतो. दहातले चार नवरदेव बिनदिक्कत वधूच्या रकान्यात सही ठोकायचे. रकानेराव फॉर्म फाडायचे, “होतं असं. दुसरा घ्या,” म्हणायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी वैतागून त्यांनी नव्या छपाईत ‘अर्जदार एक’ आणि ‘अर्जदार दोन’ असं छापून घेतलं. वरून मंजुरी घ्यायची राहून गेली. मग विचारायचा धीर झाला नाही, आणि वरचे लोक काही फॉर्म वाचत नाहीत.

रकानेरावांना एक थोरली बहीण. या ताई शाळेत कवायत शिकवायच्या. त्यांचा संसार दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर, सव्वीस वर्षांचा. एकीला खिडकी उघडी लागते, दुसरीला बंद, म्हणून ती सव्वीस वर्षं अर्धी उघडी. गेल्या वर्षी ताई जिन्यावरून पडल्या, खुबा मोडला. इस्पितळ म्हणालं, सहीला नातेवाईक हवा. डॉक्टरीणबाई कागदोपत्री कोण, तर शेजारीण. रकानेराव परगावी प्रशिक्षणाला गेले होते. ते पोचेपर्यंत ताई पाच तास कण्हत पडून होत्या आणि डॉक्टरीणबाई पेन हातात धरून उभ्या होत्या. त्यानंतर दोघींनी कोर्टात अर्ज केला: आम्हाला लग्न करू द्या.

मग काय, ज्याला त्याला मत फुटलं. सभागृहात एक सन्माननीय सदस्य म्हणाले की उद्या लोक कपाटाशीही लग्न करतील. मी माझ्या कपाटाकडे नीट बघून घेतलं. ते तीन वर्षांत माझ्याच्यानं उघडलेलं नाही, आमचं काही जमलं नसतं.

कोर्टात सरकारी वकिलांचा हुकमाचा एक्का वेगळाच होता. कायदा राहू द्या, ते म्हणाले, फॉर्मवर रकाने ‘वर’ आणि ‘वधू’ असे दोनच आहेत. ते बदलले तर नोंदणीची सगळी यंत्रणा कोसळेल. न्यायाधीशबाई म्हणाल्या, फॉर्म दाखवा.

फॉर्म घेऊन हजर राहायचा हुकूम रकानेरावांना आला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. निवृत्तीला चार महिने होते. माळ्यावर जुन्या फॉर्मचा गठ्ठा पडला होता. तो नेला असता तर त्यांच्यावर काही ठपका आला नसता, पण बहिणीचा दावा बुडाला असता. कुठला नेताय, असं मी घाबरतच विचारलं.

“नियमानं चालू फॉर्मच न्यायचा असतो,” ते म्हणाले. त्या दिवशी पेनाला टोपण लावायचं राहिलं. खिशावर हा एवढा निळा डाग घेऊन ते कोर्टात उभे राहिले.

न्यायाधीशबाईंनी फॉर्म दोनदा वाचला. हा बदल कधीचा? बावीस वर्षांपूर्वीचा. मग यंत्रणा कोसळली का?

रकानेरावांनी खरोखर विचार केला. “नाही, बाईसाहेब. एकदा छत गळलं होतं, पण ते टाकीमुळे.”

वकीलसाहेब उसळून म्हणाले की मग या बावीस वर्षांतली सगळी लग्नं बेकायदा ठरतात. तेव्हा कोणी विचारलेलं नसताना रकानेरावांनी नम्रपणे माहिती पुरवली की साहेबांचं लग्नही आमच्याच टेबलावर झालंय, साहेब अर्जदार दोन आहेत. वकीलसाहेब खाली बसले ते उठलेच नाहीत.

निकाल काही एका फॉर्मवर लागला नाही, त्याला नव्वद पानं कारणं होती. पण तो दोघींच्या बाजूनं लागला. रकानेरावांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी स्वतःच क्रमांक घालून फायलीत लावली.

ताईंचं लग्न रकानेरावांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ठरलं. नात्यातल्यांची नोंदणी स्वतः करता येत नाही, हा नियम त्यांनीच मला दाखवला. म्हणून ते काम मृत्युनोंदणीवाल्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. दोघी ‘तू एक हो, तू एक हो’ करत बसल्या. शेवटी ताई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “तूच एक. त्या दिवशी पेन घेऊन तूच उभी होतीस.” डॉक्टरीणबाईंनी सही केली, पण त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. मलाही नव्हतं.

ताई स्वतःची सही करायच्या आधी त्यांचे डोळे पुसू लागल्या, तेवढ्यात साक्षीदार म्हणून रकानेराव पुढे झाले. झोकात सही केली, टोपण लावलं, फॉर्म माझ्याकडे दिला आणि चष्मा पुसत बसले.

मी फॉर्म उजेडात धरला. साक्षीदाराचा रकाना कोरा होता. रकानेरावांची ठसठशीत सही ‘अर्जदार दोन’ मध्ये होती.

मी फॉर्म फाडला. “होतं असं,” म्हणालो, आणि दुसरा घेतला.