लातूरवाल्या सरांचं लिनक्स

आमच्या नांदेडच्या ऑफिसातल्या लातूरवाल्या सरांनी जन्मात एकही गोष्ट हात लावून शिकलेली नाही, हे मी छातीठोक सांगतो. माणूस मूळचा लातूरचा, दहावीला बोर्डात यायचा तीन मार्कांनी राहिलेला, आणि त्या तीन मार्कांचं दुःख पन्नाशीतही ताजं. तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्यांच्या लेखी अभ्यासक्रम. आधी नोट्स, मग पाठांतर, मग सराव प्रश्नपत्रिका. स्कूटरच्या लायसनसाठी त्यांनी रस्त्यावरच्या यच्चयावत खुणा तोंडपाठ केल्या, पैकीच्या पैकी मार्क घेतले आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या फाटकावर जाऊन आदळले. "सिलॅबसमधी फाटक नव्हतं," असा खुलासा वर. घरात नवा कुकर आला तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, डाळ लावायची आणि यांनी बाहेरच्या खोलीतून माहितीपुस्तिका मोठ्यानं वाचायची, अशी व्यवस्था होती. शिट्टीचं पान येईपर्यंत डाळीचा कोळसा झाला होता.

अशा माणसाच्या नशिबात लिनक्स आलं. वरून पत्र आलं की सगळ्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम काढून ही फुकटातली ओपन सोर्स सिस्टीम बसवायची. तीन महिन्यांत सगळ्यांनी ती शिकायची, मग परीक्षा. नापास होईल त्याची रवानगी पार किनवटच्या वाटेवरच्या, आडबाजूच्या इस्लापूरच्या ऑफिसला. "फुकट हाय, मालक कुणीच न्हाई म्हणतेत. मग बिघडलं तर तक्रार कुणाच्या नावानं लिहायची?" हा सरांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी मला एकट्याला गाठून विचारला. त्यांच्या बाई नांदेडातच शिक्षिका. लग्नानंतर चौदा वर्षं त्या इकडं आणि हे लातूरकडं, संसार काय तो रविवारचा. खेटे घालून घालून गेल्याच वर्षी दोघं एका गावात आले होते. "आता पुन्हा डब्याचे हाल व्हायचे का रे माझे?" ते म्हणाले. डबा हे निमित्त होतं, एवढं मलाही कळत होतं.

कळलं तरी माझं हसणं काही थांबलं नाही. सरांनी दोनशे पानी वही आणली आणि धडे पाडले. कमांड निळ्या शाईत, अर्थ काळ्या शाईत, धोका लाल शाईत. 'आरएम मारलं की फाईल गेली, रडून परत येत नाही' हे लाल शाईत, दोनदा अधोरेखित. रोज सकाळी आले की कॉम्प्युटरवरचं कव्हर न काढता त्यावरच वही टेकवायची आणि डोळे मिटून पुटपुटायचं, एलएस, सीडी, सीपी, एमव्ही. आमचा शिपाई एकदा चप्पल काढून मागं उभा राहिला. त्याला वाटलं, आरती व्हायची आहे. शनिवारी सर स्वतःच पेपर काढायचे, स्वतःच सोडवायचे, लाल पेनानं स्वतःच तपासायचे, आणि अर्धा मार्क का कापला म्हणून स्वतःशीच हुज्जत घालायचे.

"सर, एकदा मशीन तर चालू करून बघा," मी म्हणायचो.

"दम धर. पोर्शन झाल्याबगर हात लावायचा न्हाई. अर्धवट ज्ञानानंच सगळी नासाडी व्हायलीय."

वही मात्र झकास होती, कबूल केलं पाहिजे. उमरी-नायगावहून ये-जा करणाऱ्यांनी गाडीत वाचायला म्हणून तिच्या झेरॉक्स काढल्या. मीही काढली. फरक एवढाच की आम्ही वाचलेलं मशीनवर करून बघत होतो. करून बघतानाच मी एकदा अडकलो. लिनक्सच्या त्या काळ्या पडद्यावर काही कमांड दिल्या की ते आधी पासवर्ड मागतं, आणि आपण तो टाकत असताना पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, साधा ठिपकाही नाही. तसंच आंधळेपणानं टाकायचं आणि एंटर मारायचा. हे वहीत कुठं नव्हतं. सरांना सांगावं, असं मनात आलंही. मग म्हटलं, राहू दे, कसे गडबडतात ते बघू, महिनाभर चहाला विषय होईल.

परीक्षेला सर माझ्या शेजारच्या मशीनवर बसले. पहिल्या कामाची कमांड त्यांनी एका बोटानं, पण काना-मात्रा न चुकता टाकली. मशीननं पासवर्ड मागितला. सरांनी एक अक्षर दाबलं आणि थांबले. पुन्हा दाबलं. मग हात वर केला. "साहेब, कीबोर्ड मेलाय." परीक्षकानं कीबोर्ड बदलला. दुसराही मेला. तिसरा आणला तेव्हा परीक्षक वैतागून म्हणाला, "कीबोर्ड चांगला आहे, पुढं चला." पण अक्षर दिसल्याशिवाय सर पुढं कसे जाणार? त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं 'दिसत नाही, तसाच टाका आणि एंटर मारा' एवढं पुटपुटायचं होतं. मी खाली मान घालून हसू दाबत बसलो, आणि वेळ संपली.

दहापैकी नऊ पास. सरांनी नोटीस बोर्डावरची नावं बोट लावून मोजली. मग वळून म्हणाले, "नऊच्या नऊ माझ्याच नोट्सवाले ना? मग नोट्सचा निकाल शंभर टक्के!" आणि एकटेच हसले. चहाला तो विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

परवा रविवारी संध्याकाळी बसस्टँडवर सर आणि बाई भेटले. बाईंच्या हातात डब्यांची पिशवी होती. मला बघून त्यांनी नजर गाडीच्या पाटीकडं वळवली. सरांनी मात्र लांबूनच हाक मारली. इस्लापूरला दुसरं कुणी नसल्यानं शेवटी त्यांनी स्वतःच मशीनला हात लावला म्हणे, आणि आठ दिवसांत सगळं आलं.

"अरे, लई सोपं हाय. तो पासवर्ड दिसतच न्हाई बघ! न दिसता टाकायचा असतोय. तुला ठाऊक होतं का रे?"

त्या वेळी जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती.

"न्हाई, सर," मी म्हणालो.

"तेच की. ठाऊक असतं तर तू सांगितलं असतंस," सर म्हणाले, आणि बाईंच्या हातातली पिशवी घेऊन किनवटच्या गाडीत चढले.