साठ टक्क्यांची होडी

माझा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला, घोटाळ्याला सुरुवात तिथूनच झाली.

लातुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. या गावात पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं की दात काढणाऱ्यापासून भूल देणाऱ्यापर्यंत सगळे आपलेच निघतात. दवाखान्यात गेलं की रांग चुकते, फी घेत नाहीत, आणि मग आपण अमुक परीक्षेत त्याला काय बोललो होतो ते आठवून घाम फुटतो. या डॉक्टरला एका सराव परीक्षेत शंभरपैकी बेचाळीस पडले होते. त्याचा पेपर मी खिडकीतून बाहेर भिरकावला होता. तो जिन्यानं खाली जाऊन पेपर घेऊन आला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा जागेवर बसला. तेव्हाच ओळखायला हवं होतं, हे पोरगं डॉक्टर होणार.

तर मार्च महिन्यात, फळ्यासमोर उभा असताना, माझ्या छातीत कळ आली. पोरांना म्हटलं, "पाच मिनिटं हे गणित सोडवा," आणि मी जो गेलो तो स्टेंट टाकून चौथ्या दिवशी घरी आलो. आमच्याकडे त्याला स्प्रिंग टाकली असं म्हणतात. भेटायला आलेला प्रत्येक जण विचारी, "सर, स्प्रिंगचा स्थिरांक काढला का न्हाई?" हा विनोद मीच सगळ्या गावाला शिकवला होता, त्यामुळे हसण्यावाचून इलाज नव्हता.

मला खरी काळजी छातीची नव्हती, बॅचची होती. एकदा मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊन पुन्हा बसणाऱ्या पोरांची बॅच जूनच्या मध्यावर सुरू होते. ती वर्षानुवर्षं माझी. क्लासच्या मालकानं माझ्या जागी हैदराबादहून एक तरुण मास्तर आणून ठेवला होता. चौकातल्या फलकावर माझ्या फोटोशेजारी त्याचा फोटो आला, आणि त्याचा जरा मोठा होता. मी जूनला उभा राहिलो नाही तर माझा फोटो उतरणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टर म्हणाला, "सर, सहा आठवडे व्यायाम करा. रोजचं वहीत लिहा. वही बघून क्लासचं ठरवू."

"किती व्यायाम?"

त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, साठ टक्के. "तुमच्या कमाल ठोक्यांच्या साठ टक्के. तेवढं पुरे सर."

आता तुम्हीच सांगा. लातुरात साठ टक्के हा आकडा कुणी ऐकून तरी घेतो का? इथे साठ पडले की पोरगं घरी जात नाही, आधी मावशीकडे जातं. मी मनाशी म्हटलं, बिचारा बेचाळीसवाला आहे, त्याच्या दृष्टीनं साठ म्हणजे पुष्कळच. गुरूला जास्त कसं सांगणार, संकोच वाटत असेल. मी ठरवलं, नव्वदच्या खाली उतरायचं नाही.

पुण्याच्या मेव्हण्यानं त्याच्याकडे कपडे वाळत घालायला वापरलं जाणारं रोइंग मशीन ट्रान्सपोर्टनं धाडलं. बसून, पाय टेकवून, दांडी ओढायची. वल्हं मारल्यासारखं सरकायचं मागं-पुढं. समोर छोटा कॉम्प्युटर. माझं लहानपण नांदेडात, गोदावरीच्या काठी गेलं. तिथे कधी होडीत पाय ठेवला नाही. आणि नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या लातुरात, पहिल्या मजल्यावर, मी होडी हाकायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, टँकर दिसला तर जरा तिकडं वळवा."

मशीनबरोबर जाडजूड माहितीपुस्तक होतं. मशीनचा एक पाय फरशीवर टेकत नव्हता. पुस्तक बरोबर त्या मापाचं होतं. खाली सरकवलं, मशीन डगमगायचं थांबलं. पोरांना जन्मभर सांगत आलो, प्रश्न दोनदा वाचा. स्वतः मात्र प्रश्नपत्रिका बुडाखाली घेऊन बसलो.

छातीला बांधायचा एक पट्टा होता, तो ठोके मोजून कॉम्प्युटरला कळवतो. पहिल्या दिवशी पट्टा बांधला, चार वल्ही मारली, पडद्यावर ठोके शून्य. घट्ट केला, शून्य. बायकोला हाक मारली, "अगं, ठोके शून्य दाखवतंय!"

ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ओरडून राहिलात म्हणजे हायत." मग येऊन तिनं पट्टा नळाखाली धरला, ओला करून बांधला. आकडा आला, अठ्ठ्याऐंशी. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "तुमचा कार्डिओग्राम काढताना त्या सिस्टरनं जेल लावलं न्हाई का?" फिजिक्स शिकवणारा मी.

कॉम्प्युटरनं वय विचारलं. मला सूत्र ठाऊक होतं. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, उरतील ते कमाल ठोके. माझं वय चौपन्न, म्हणजे एकशे सहासष्ट. आठवडाभर जीव काढून ओढलं तरी टक्के ऐंशीच्या वर सरकेनात. मास्तर असल्यामुळे लगेच लक्षात आलं, छेद लहान केला की भागाकार मोठा होतो. वय वाढवलं की छेद लहान. खाली राहणारे घरमालक बहात्तरचे होते. मी त्यांचं वय घातलं. त्याच ठोक्यांना नव्वद टक्के! जगात लोक वय चोरतात, मी अठरा वर्षं उसनी घेतली, आणि वहीत लिहिलं, ठोके एकशे तेहतीस, टक्के नव्वद.

नव्वदच्या आसपास मशीन पीप पीप करायचं आणि पडद्यावर बदामाचं चित्र लुकलुकायचं. मला वाटायचं, शाबासकी देतंय. बायको म्हणायची, "ते कशाला बोंबलतंय?" मी म्हणायचो, "खूश होतंय."

घरमालक काका मूळचे औशाकडच्या एका खेड्यातले. भूकंपात घर गेलं, थोरला भाऊ गेला, मग उरलेली जमीन विकून त्यांनी लातुरात हे दुमजली घर बांधलं. क्लासच्या पोरांना गच्चीवरच्या खोल्या भाड्यानं देतात. बोलके, हसरे. मी भूकंपाच्या पहाटे नांदेडला होतो. खाट हलली तेव्हा भाऊ उठवतोय असं वाटून मी त्याला शिवी हासडली आणि कूस बदलली. माझा भूकंप एवढाच. काकांचा काय होता ते मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

व्यायामाच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हामुळे मी पहाटे पाचला मशीनवर बसू लागलो. पहिल्याच दिवशी, दहा-बारा वल्ही झाली असतील, खालून कल्ला ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर काका, काकू, सून, दोन नातवंडं, गच्चीवरची सात-आठ पोरं, सगळी अंगणात. काका वर तोंड करून ओरडत होते, "सर! खाली या! बाईंला घेऊन या! जिना उतरा आदी!"

मी पट्ट्यासकट खाली धावलो. अंगणात आल्यावर माझ्या छातीवरचा तो काळा पट्टा सगळे बघत राहिले. हळूहळू उलगडा झाला. काका इतकी वर्षं झोपण्याआधी पितळी तांब्या उलटा ठेवतात, त्यावर एक पेला, पेल्यावर दुसरा पेला. जमीन हलली की पेला पडणार, आवाज होणार, घर जागं होणार. भूकंपानंतर त्यांच्या गावात घरोघरी असं करायचे, नंतर लोकांनी सोडलं, काकांनी नाही. माझ्या होडीनं तो पेला पाडला होता.

"काका, मी व्यायाम करत होतो," मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, "चला, च्या टाकते." काका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सर, लई दिवसांनी सगळे जितेजागते बाहेर आले. न्हाई म्हणायला बरंच वाटलं." मला कुठे तोंड लपवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून मशीन खाली जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत आणलं. पुस्तकही आलं, पायाखाली. काका खुर्ची टाकून समोर बसू लागले. "किती झालं सर?"

"नव्वद."

"हाव! वढा! नातवाला दाखवतो." दूधवाला थांबायचा, गच्चीवरची पोरं डोकवायची. प्रेक्षक असले की मी कसा होतो ते माझ्या बायकोला विचारा. ब्याण्णव झाले, चौऱ्याण्णव झाले. रात्री पाय गळून जायचे, पण वही बघितली की गुणवत्ता यादी बघितल्यासारखं वाटायचं.

मशीनवर आणखी एक बटण होतं. वल्ही थांबवून ते दाबलं की कॉम्प्युटर एक मिनिट थांबतो, ठोके किती उतरले ते पाहतो आणि एफ अक्षरापुढं एक आकडा देतो. पहिल्या आठवड्यात माझा आकडा चार होता. मग साडेचार. पाच. साडेपाच. प्रगती दिसत होती. सहाव्या आठवड्यात पडद्यावर एफ सहा आलं, आणि त्याच्या वर आकडा जाईना. पैकीच्या पैकी! काकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे आणले, अर्धा किलो घरात वाटले, अर्धा किलो आणि वही घेऊन डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरनं पेढ्याचा डबा बाजूला ठेवून वही उघडली. पहिलं पान, दुसरं पान. मग त्यानं टेबलावरचा लाल पेन उचलला. लाल पेन मी हजारो पोरांवर उगारला होता, माझ्यावर तो पहिल्यांदाच उगारला गेला.

"सर, नव्वद? मी साठ लिहिलं होतं."

"तू साठ लिहिलंस, मी म्हटलं..."

"काय म्हटलंत?"

"तुझी अपेक्षा साठची. आपली जरा जास्त."

त्यानं पेन खाली ठेवला. "आणि ठोके एकशे तेहतीस. तुमच्या वयाला नव्वद टक्के कसे होतील? ऐंशी होतात. वय किती घातलंत?"

"बहात्तर."

"कोणाचं?"

"घरमालकांचं."

बाहेरच्या सिस्टरला हसू आवरलं नाही. डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "हे एफ सहा काय आहे? पुस्तक कुठं आहे मशीनचं?"

खोटं बोलायचा विचार आला होता. बायको सोबत होती, तिनं सांगून टाकलं, "पायाखाली."

मी काकांना फोन केला, काकांनी नातवाला मशीन उचलायला लावून पुस्तक काढलं, त्या पानाचा फोटो आला. मधोमध मशीनच्या पायाचा गोल ठसा. ठशाच्या कडेला स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं, एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे सर्वात खराब. आणि खाली, पीप वाजल्यास ताबडतोब वेग कमी करावा.

डॉक्टरनं माझा हात घेऊन नाडी पाहिली, कार्डिओग्राम काढला, पट्टी लांबवर धरून वाचली. "हृदय बरं आहे. नशीब. पण क्लास नाही."

"अरे, बॅच सोमवारी सुरू होते."

"होऊ दे."

"तिथे तो हैदराबादचा उभा राहील."

"राहू दे. सर, आणखी सहा आठवडे. खऱ्या वयाचे साठ टक्के. शंभर ठोके. एकशे एक झाले तरी वही फेकून देईन." मग जरा थांबून म्हणाला, "खिडकीतून."

सोमवारी मी चौकातून गेलोच नाही, लांबून वळसा घातला. फोटो उतरल्याचं भाजीवाल्यानं सांगितलं.

घरी काकांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांना सर्वात जास्त वाईट वाटलं ते टाळ्या वाजवल्याचं. "म्हंजे मीच तुमाला मारून राहिलतो की!" दुसऱ्या दिवशी सकाळी ते पितळी तांब्या घेऊन आले. मशीनच्या पुढच्या आडव्या दांड्यावर उलटा ठेवला, त्यावर पेला, पेल्यावर पेला. म्हणाले, "हा पडला न्हाई पायजे. पडला की उठायचं."

शंभर ठोक्यांवर होडी हाकणं हे नव्वद टक्क्यांपेक्षा किती अवघड, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सगळं अंग म्हणतं ओढ, आणि समोर पेला. पहिल्या दिवशी चारदा पडला. काका उठून पुन्हा रचायचे. दूधवाला म्हणाला, "सर, ही काय होडी? ही तर पूजा दिसून राहिली." तिसऱ्या आठवड्यात पेला पडायचा थांबला. एफचा आकडा पाचवर आला, चारवर आला. उतरताना बघून खूश व्हायला मला सवय करावी लागली. शेवटी अडीच.

ऑगस्टात डॉक्टरनं परवानगी दिली, पण अटी घालून. दिवसाला एकच तास, खुर्चीवर बसून, छातीला पट्टा आणि मनगटाला पट्ट्याशी जोडलेलं घड्याळ. ठोके एकशे दहाच्या वर गेले की घड्याळ वाजणार. वाजलं की गप्प बसायचं. क्लासच्या मालकानं मोठी बॅच दिली नाही. ती हैदराबादच्यानं बरी धरली होती. मला मागच्या खोलीतली चाळीस पोरं दिली. रेणापूरची, कंधारची, एक धर्माबादचा. फोटो पुन्हा लागला नाही.

तिसऱ्याच दिवशी न राहवून मी फळ्याकडे उठून गेलो आणि विचारलं, वस्तुमान आणि वजन यात फरक काय? मागच्या बाकावरचा धर्माबादचा पोरगा उभा राहिला, छाती काढून म्हणाला, "सर, एकच असतंय."

बारावीचं फिजिक्स दोनदा शिकलेला मुलगा. खडू फेकून मारायला माझा हात वर गेला, आणि मनगटावर पीप पीप पीप सुरू झालं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, बसा ना."

मी बसलो. पोरगा उभाच होता. चाळीसच्या चाळीस जण माझ्या मनगटाकडे बघत होते. घड्याळ हळूहळू थांबलं. खडू टेबलावर ठेवून मी बसल्या बसल्याच त्याला म्हटलं, "समज, तू चंद्रावर गेलास."