मालकाच्या हातचा नारळ

उमेळ्यात आमची बिल्डिंग ज्या वाडीत उभी राहिली, त्या वाडीचे जुने मालक आमच्याच वर, चौथ्या मजल्यावर राहतात. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना फ्लॅट दिले. केळी गेल्या, पानवेली गेल्या, पार्किंगच्या कोपऱ्यात विहीर तेवढी उरली. तरी वॉचमनपासून फुलवालीपर्यंत सगळे त्यांना अजून "मालक"च म्हणतात. आणि जन्मभर हप्ते भरून मी कोण? तर "बी विंगवाले". माझं डोकंच फिरायचं.

आमच्या साताऱ्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात, चहावाला गिऱ्हाइकालाही म्हणतो. एवढा स्वस्त शब्द, पण इथे मला कुणी फुकटसुद्धा दिला नाही.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तो याच जळफळाटातून. कागदोपत्री जमीन अजून मालकांच्याच नावावर होती, ती सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून कचेऱ्यांमध्ये चपला झिजवल्या. लोक म्हणायचे, काय तळमळ आहे या माणसाला! कसली तळमळ न् काय, मला त्यांचं मालकपण काढून घ्यायचं होतं. यंदा पावसाळा संपता संपता ते काम झालं एकदाचं.

दिवाळी झाली की मालक विहिरीपाशी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ देतात. मी मीटिंगमध्ये ठणकावलं, "नारळ मालकाने द्यायचा ना? मग यंदा सोसायटी देणार. माझ्या हातून."

वाटलं होतं, भांडतील. कसचं काय, ते स्वतःच नारळ सोलून, शेंडी राखून घेऊन आले. सगळी बिल्डिंग जमली होती.

"गाऱ्हाणं काय घालायचं?" मी विचारलं.

"आमचे बाबा घालायचे तेच. म्हणा, जागा तुझी, आम्ही तुझी कुळं. चुकलंमाकलं पोटात घाल."

म्हणजे दरवर्षी हा माणूस विहिरीपाशी हेच पुटपुटायचा आणि मी गॅलरीतून बघत जळायचो. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. हा स्वतःला तेच म्हणवून घेत होता.

"जागा तुझी," एवढं कसंबसं म्हणालो. पुढचं काही तोंडातून निघेना. आत्ता कुठे मालक झालो होतो हो मी, लगेच कूळ कसा होऊ? लोक ताटकळले. शेवटी मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून उरलेलं म्हटलं, आमच्या सगळ्यांच्या वतीने, अगदी सहज. ते सहजपण बघून मी पुन्हा जळलो.